पाच चिंचोके आणि एक कोच

आमच्या गावच्या पानठेल्यावर रात्री नऊनंतर दोन मंडळं बसतात. बाकड्यावर कास्तकार, आणि मागं विजेच्या खांबाला टेकून मोबाईलवर इंग्लंडची फुटबॉल लीग पाहणारी पोरं. गावात धड मैदान नाही, शाळेच्या पटांगणात गिट्टी आहे. तरी मँचेस्टर युनायटेडचे लाल टीशर्ट चौघांनी यवतमाळच्या बाजारातून आणलेत. परवा त्यातला एक चिडून म्हणाला, “पाच मॅच झाल्या सर, एक बी जिंकले नाई. आता तं कोचले काढाच लागते.”

बाकड्यावरून एक काका बोलले, “बराबर हाय त्याचं. मागच्या साली माह्या वावरात एकरी चारच क्विंटल कापूस निंगाला. यंदा वाण बदलवलं, तं सात झाला.”

मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे अशा ठिकाणी गप्प बसवत नाही. ठेल्यामागच्या चिंचेखालून पाच चिंचोके उचलले, दोघांवर चुन्याचा ठिपका दिला आणि पाचही तंबाखूच्या रिकाम्या डब्बीत टाकले. खेळ असा : डब्बी हलवायची, न पाहता एक चिंचोका काढायचा. ठिपकेवाला आला तर सामना जिंकला. नाही तर बरोबरी किंवा हार. मग तो परत आत टाकायचा आणि पुन्हा काढायचा. प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात, प्रत्येकाच्या वाट्याला ३८ सामने. तसं ३८ वेळा काढलं की एक हंगाम झाला.

ही डब्बी म्हणजे शंभरातले चाळीस सामने जिंकणारा, बऱ्यापैकी संघ. तिच्या ताकदीत पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत तिळभर फरक पडत नाही. खेळाडू जखमी होत नाहीत, कोचशी कुणाचं वाजत नाही. तरी या डब्बीवर सलग पाच सामने न जिंकण्याची पाळी किती वेळा यावी? हिशेब मांडला तर शंभरातल्या ७४ हंगामांत एकदा तरी. म्हणजे चार वर्षांपैकी जवळजवळ तीन वर्षं ‘कोचले काढा’ अशी बोंब उठणार, आणि चूक कुणाचीच नसणार.

आता गंमत. पाच सामने गेले म्हणून तेच चिंचोके नव्या, चकचकीत डब्बीत ओता. पुढच्या पाचांत निदान एक सामना जिंकण्याची शक्यता ९२ टक्के आहे. पेपरात मथळा येईल : नव्या डब्बीनं संघात प्राण फुंकले.

यालाच संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणं म्हणतात. ज्या गोष्टीत अंगच्या ताकदीबरोबर नशिबाचाही वाटा असतो, तिथं एखादा निकाल फार वाईट लागला, की त्यात ताकद कमी होती तसं नशीबही फिरलेलं असतं. पुढच्या खेपेला ताकद तीच राहते, पण नशीब दरवेळी इतकंच वाईट निघत नाही. म्हणून निकाल वर सरकतो. फार चांगल्या निकालानंतर तोच खाली येतो. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाला हे आधी बियांत दिसलं, हे आमच्या काकांना विशेष आवडलं. त्यानं एका वाटाणावर्गी फुलझाडाचं बी वजनानुसार वेगळं करून मित्रांना पेरायला दिलं होतं. जड बियांची पुढची पिढी जडच निघाली, पण आईइतकी नाही. हलक्यांची थोडी भरली. पुढं १८८६ साली त्यानं आईबाप आणि मुलांच्या उंचीतही तेच दाखवलं.

फुटबॉलमध्ये नशिबाचा वाटा एवढा मोठा का, ते समजायला कबड्डी पाहावी. पस्तीस-अठ्ठावीस असा निकाल लागतो, त्यात एखादा गुण पंचाच्या चुकीनं गेला तरी बुडून जातो. फुटबॉलच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून दोन-तीन गोल होतात. त्यातला एक चेंडू खांबाला लागून बाहेर आला किंवा कुणाच्या पाठीवर आपटून आत गेला, की सगळा सामना उलटा. पाच सामन्यांवरून संघाची परीक्षा करणं म्हणजे पाच बोंडं वेचून वावराचा उतारा सांगणं.

त्याच लीगमधल्या लेस्टर सिटी या संघाचे तीन आकडे मी पोरांना पाटीवर लिहून दाखवले : ४१, ८१, ४४. हे तीन सलग हंगामांतले गुण. २०१४-१५ मध्ये ४१ गुण आणि चौदावा क्रमांक. पुढच्या वर्षी क्लॉडिओ रानिएरी हा इटालियन कोच आला आणि ज्या संघावर सट्टेवाले एकाला पाच हजार देत होते, तो ८१ गुणांनी विजेता झाला. त्यानंतरच्या वर्षी घसरण. लीगमध्ये सलग पाच हारी, संघ सतराव्या जागी, आणि २३ फेब्रुवारी २०१७ ला, विजेतेपदाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, रानिएरीला काढलं. त्याचा सहायक क्रेग शेक्सपिअर आला आणि लीगमधले पहिले पाचही सामने जिंकला! लोकांनी ठरवून टाकलं की रानिएरीचाच दोष होता. संघ बाराव्या जागी थांबला, ४४ गुणांवर. शेक्सपिअरलाही त्याच ऑक्टोबरमध्ये नारळ मिळाला.

आकड्यांकडे पुन्हा पाहा. अजब काय आहे? ४४ नाही, ८१. घसरणीला खरं कारणही एक होतंच : मधल्या फळीत धावून धावून समोरच्याला हैराण करणारा एनगोलो कान्ते चेल्सीनं उचलून नेला होता, आणि त्या वर्षी चेल्सी विजेती झाली. पण ‘चॅम्पियन संघ बिघडला’ अशी जी ओरड झाली, तिचा बराचसा भाग म्हणजे एक मधला संघ आपल्या जागी परतत होता, एवढंच.

लाल टीशर्टवाल्यासाठी त्याच्याच घरचं उदाहरण. डिसेंबर २०१८ मध्ये युनायटेडनं जोसे मुरिन्योला काढलं तेव्हा संघ सहावा होता. ओले गुन्नार सोल्शायर आला, सुरुवातीचे आठ सामने ओळीनं जिंकला, मार्चमध्ये कायम झाला. हंगाम संपला तेव्हा संघ कितवा? सहावा.

आता कुणी म्हणेल, दोन उदाहरणांनी काय ठरतं? काही नाही. काढलेल्या कोचनंतर संघ सुधारला का, हा प्रश्नच अर्धा आहे. उरलेला अर्धा असा : तितकीच घसरण होऊनही ज्यांनी कोच ठेवला, त्यांचं काय झालं? नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या लीगचे १९८६ ते २००४ पर्यंतचे हंगाम घेऊन हीच तुलना केली. कोच काढलेले संघ खरोखर सावरले होते. पण तशाच खड्ड्यात पडलेले, कोच न बदललेले संघही तसेच सावरले होते. हंगामाच्या मध्यात कोच बदलण्याचा वेगळा फायदा त्यांना दिसला नाही.

काकांच्या वावरातही हाच अर्धा प्रश्न राहून गेलाय. यंदा वाण बदललं, पण पाऊसही वेळेवर आला. जुनं वाण लावलं असतं तर किती झाला असता? तेवढं कळायला चार ओळी जुन्या वाणाच्या ठेवाव्या लागतात. आपल्याकडे ते कुणी करत नाही, कारण मागच्या वर्षीचा राग असतो.

म्हणजे कोचचा काही उपयोगच नाही? तसं म्हणायला विदर्भात तरी जीभ धजणार नाही. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना आपण २०१७-१८ ला पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि पुढच्याच वर्षी राखला. नंतर ते मध्य प्रदेशात गेले, तर २०२२ मध्ये त्यांनाही पहिला करंडक. ठिपकेवाला चिंचोका इतक्यांदा नेमका हाती लागत नाही. पण हा माणूस आधीपासून संघ हाती घेऊन घडवतो. हंगामाच्या मध्यात आलेल्या फुटबॉल कोचला बहुतेक तेच खेळाडू मिळतात, सामनेही थोडेच उरतात, आणि मालकाला काढलेल्याच्या करारापोटी पैसे मोजावे लागतात ते वेगळेच.

मग काढायचं कधी? २०१७ साल आठवा. त्या वर्षी कापूस कमी झाला तो नशिबानं नव्हे. गुलाबी बोंडअळी, जिला मारायलाच बीटी कापसाचं वाण आलं होतं, त्या बीटीला दाद देईनाशी झाली होती. वरून पऱ्हाटी हिरवीगार, बोंड फोडलं की आत अळी. फुटबॉलमध्येही बोंड फोडून पाहायची रीत आता आहे. संघानं मारलेला प्रत्येक फटका घ्यायचा आणि तशा जागेवरून, तशा कोनातून पूर्वी मारलेल्या हजारो फटक्यांपैकी किती गोल झाले ते पाहायचं. पेनल्टी साधारण चारात तीनदा आत जाते, म्हणून तिची किंमत पाऊण गोल. लांबून मारलेल्या फटक्याची नगण्य. अशा सगळ्या किमतींची बेरीज म्हणजे संघाला खरोखर किती संधी मिळाल्या आणि त्यानं समोरच्याला किती दिल्या. संधी पहिल्याइतक्याच असतील आणि फक्त गोल होत नसतील, तर कोचला हात लावू नये. महिन्यामागून महिने संधीच आटत चालल्या असतील, तर आत अळी आहे. तेव्हा सलग पाच सामने हातचे जाण्याची वाटही पाहू नये.

“म्हणजे,” काका म्हणाले, “येत्या जूनले धुऱ्याकडच्या चार ओळी जुन्याच वाणाच्या टोबू म्हनता?”

मी हो म्हणेपर्यंत मागून आवाज आला. पोरगा डब्बी घेऊन एकटाच बसला होता. “सर, सहावी बी गेली.”

“डब्बी बदलव,” ठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला.