सॉफ्टवेअर कुठल्या पद्धतीने करून घ्यायचं? कोटेशन मागायच्या आधी हे वाचा

आम्ही पुण्यात नळ स्टॉपजवळची, सॉफ्टवेअर करून देणारी नऊ जणांची छोटी कंपनी. फोन आला की पहिला प्रश्न असतो किती पैसे आणि दुसरा, कधी देणार. दोन्ही रास्तच आहेत, पण काम कुठल्या पद्धतीने करायचं हे कोणीच विचारत नाही आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन्हीची उत्तरं त्याच्यावरच ठरतात. हल्ली बरेच जण फोनवरच सांगतात "आम्हाला अजाईलमध्ये करून द्या", कोणाचा तरी भाचा हिंजवडीत असतो त्याने सांगितलेलं असतं. चांगलंय, पण अजाईल म्हणजे लवकर आणि स्वस्त असं काही नाही, ते आधी डोक्यातून काढा.

लक्ष्मी रोडला ब्लाउज शिवायला टाकता तेव्हा काय होतं बघा. मापाचा ब्लाउज दिला, कापड दिलं, "अगदी असाच शिवा" म्हटलं की पंधरा दिवसांनी जाऊन आणायचा, मधे फोनसुद्धा लागत नाही. पण लग्नातला असेल, डिझाईन नवीन असेल, गळा कसा हवा ते दहा फोटो बघूनही ठरत नसेल तर कच्चे टाके घालून ट्रायल घ्यावीच लागते, कधीकधी दोनदा, आणि त्या ट्रायलला तुम्हालाच जावं लागतं, जावेला पाठवून चालत नाही. पहिला प्रकार, म्हणजे आधी सगळं ठरवून एकदम करायचं, तो वॉटरफॉल आणि दुसरा, थोडं थोडं करून दाखवत पुढे जायचं, तो अजाईल. आता प्रश्न एवढाच की तुमच्याकडे मापाचा ब्लाउज आहे का.

वॉटरफॉल

आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, तुमची सही घ्यायची, मग डिझाईन, मग कोडिंग, मग टेस्टिंग आणि शेवटी तुमच्या हातात. गंमत म्हणजे विन्स्टन रॉइस या अमेरिकन सॉफ्टवेअर तज्ज्ञांच्या १९७० सालच्या ज्या पेपरमधली आकृती यासाठी सगळीकडे दाखवतात त्यात वॉटरफॉल हा शब्दच नाही, उलट असं एका सरळ रेषेत गेलात तर धोका आहे, कारण टेस्टिंग शेवटी येतं आणि चुका तेव्हाच कळतात, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. लोकांनी चित्र उचललं आणि मजकूर वाचायचा राहिला.

तरीपण ही पद्धत टाकाऊ नाही हं. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसचं, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचं बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना बी-टू-बी, म्हणजे एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला दिलेल्या बिलांसाठी तो लागू झाला, त्यात कुठली माहिती कुठल्या रकान्यात जायची ते सरकारने ठरवून दिलंय, पोर्टलवरून नंबर आणि क्यूआर कोड येतो तो बिलावर छापायचा, बस. इथे तुमच्या मताला आणि आमच्या कल्पकतेला जागाच नाही. असल्या कामाला दर पंधरा दिवसांनी डेमो ठेवणं म्हणजे दोघांचा वेळ वाया. जुनं सॉफ्टवेअर जसंच्या तसं नव्या सर्व्हरवर हलवायचं असेल तरी साधारण तसंच.

फसतं कुठे ते आमच्याच अनुभवातून सांगतो. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यांचं स्टॉकचं काम आम्ही घेतलं होतं. मालकांशी चार मिटिंगा, ६४ पानांचं डॉक्युमेंट, प्रत्येक पानावर सही. पाच महिन्यांनी इन्स्टॉल करायला गेलो तर दिवाणजी म्हणाले "अहो पण आम्ही किलोत मोजतच नाही, कट्ट्यात मोजतो, आणि कट्टा कधी ३० चा येतो कधी ५० चा". मालक वरच्या ऑफिसात बसतात, त्यांना हिशोब किलोतच दिसतो, त्यामुळे सही करताना त्यांचं काही चुकलं नाही आणि कागद बघून आमचंही नाही. पण अर्धा स्टॉक मोड्यूल परत लिहावा लागला, पैसे कोणी द्यायचे यावरून जे झालं ते झालं. दिवाणजींना दुसऱ्या आठवड्यात नुसती एक कच्ची स्क्रीन दाखवली असती तर तिथेच कळलं असतं.

अजाईल आणि स्क्रम

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला, ४ मूल्यं आणि १२ तत्त्वं. त्यातलं एक तत्त्व आम्ही प्रत्येक गिऱ्हाईकाला ऐकवतो, की धंदा बघणारी माणसं आणि डेव्हलपर यांनी प्रोजेक्टभर रोज एकत्र काम करायचं. रोज! आम्ही रोज मागत नाही, आठवड्याला दोन तास मागतो, पण तेही मिळत नाहीत. "तुम्हीच बघा हो, तुम्ही एक्स्पर्ट" असं म्हणून सात डेमो चुकवणारे गिऱ्हाईकही आम्ही पाहिलेत, आठव्याला येऊन म्हणाले हे मला नकोच होतं. त्याला अजाईल म्हणत नाहीत, तो वॉटरफॉलच झाला, फक्त डॉक्युमेंटसुद्धा नसलेला.

स्क्रम ही त्यातली सगळ्यात चालणारी पद्धत. कामाचे तुकडे करायचे, एका तुकड्याला स्प्रिंट म्हणतात, तो जास्तीत जास्त एक महिन्याचा, आमच्याकडे दोन आठवड्यांचा, आणि प्रत्येकाच्या शेवटी चालणारं काहीतरी दाखवायचं. नियम असा की आधी काय करायचं ते सांगणारा माणूस एकच हवा, कमिटी नाही. हाउसिंग सोसायटीची कामं आली की आम्ही इथेच अडतो कारण अध्यक्षांना पार्किंग आधी हवं असतं, सेक्रेटरींना मेंटेनन्स, खजिनदारांना दोन्ही नको असतं. कृपया आपसात ठरवून एकाचं नाव द्या.

कानबान

सॉफ्टवेअर चालू आहे, रोज बारीकसारीक तक्रारी येतात, रिपोर्टमध्ये एक कॉलम हवा, प्रिंट कापली जाते, अशा कामाला स्प्रिंट नको. त्याला कानबान. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या मंडळींना हे वेगळं शिकवायला नको, टोयोटाच्या कारखान्यातून आलेलं कानबान कार्ड त्यांनी कामाच्या जागी पाहिलेलं असतं. बोर्डवर तीन रकाने, करायचंय, चालू, झालं, आणि "चालू"मध्ये एका वेळी ठराविकच कामं. तिथली जागा रिकामी झाल्याशिवाय नवीन घेत नाही, त्यामुळे "माझं अर्जंट आहे" म्हणालात तर आम्ही विचारणार, मग तुमचंच दुसरं कुठलं थांबवू?

पैशांचं

वॉटरफॉलला फिक्स रक्कम सांगता येते, बदल केलात तर त्याचं वेगळं बिल. स्क्रमला दर स्प्रिंटचं बिल, नको वाटलं तर एखाद्या स्प्रिंटनंतर थांबा, तोवरचं काम तुमचं. १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे वेगळा. फिक्स रक्कम पण हवी, तारीख पण पक्की हवी आणि मधे वाटेल तेव्हा बदल पण हवेत, हे कोणी कबूल करत असेल तर त्यांच्याकडूनच करून घ्या, आम्हाला जमत नाही. ज्यांचं अर्धं ठरलंय अर्धं नाही (बहुतेकांचं असंच असतं) त्यांना आम्ही दोन स्प्रिंट आधी करायला सांगतो, त्यात कट्टे-किलो बाहेर येतात, आणि मग उरलेल्याची फिक्स रक्कम देतो.

पहिली मिटिंग फुकट आहे, चहा आमचा. येताना सध्याची बिलं, वह्या, एक्सेलच्या फायली जशा आहेत तशा आणा, नीट करत बसू नका. आणि तुमच्याकडे जो माणूस रोज एंट्री करतो त्याला सोबत घेऊन या.