मागाचा आवाज आणि पडद्यावरचा हिरवा ठिपका

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात नवख्या माणसाला खडखडाटाशिवाय काहीच ऐकू येत नाही. जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, मात्र त्याच खडखडाटात पाचव्या मागाचा सूर बदललेला कळतो. बोलता बोलता तो उठतो, पाना उचलतो आणि नेमका त्या मागापाशी जाऊन उभा राहतो.

इथल्या चादरी-टॉवेल आता वेबसाइटवरूनही विकले जातात. अशा एका दुकानाची वेबसाइट मी सांभाळतो. ती चालते चारेकशे किलोमीटरवरच्या मुंबईत, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांवर. चादरींचे फोटो दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा, पैसे घेणारा वेगळा. प्रत्येक प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका डब्यात बंद केलेला असतो. हा कंटेनर. कुठला डबा कुठल्या सर्व्हरवर ठेवायचा, बंद पडला तर काय करायचं, हे बघते कुबरनेटीस ही प्रणाली. गूगलने ती २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. समुद्र नसलेल्या गावात सुकाणू कुठलं? मी मनातल्या मनात तिला जॉबरच म्हणतो.

या जॉबरला काम सांगायचं नसतं, काय हवंय ते लिहून द्यायचं असतं: ‘फोटोवाले तीन पॉड कायम चालू हवेत.’ पॉड म्हणजे एक किंवा थोडे डबे मिळून बांधलेलं गाठोडं. मग ती मोजत बसते. हवेत तीन, आहेत किती? दोन दिसले की तिसरा उभा करते. ब्राउझरमध्ये कन्सोल, म्हणजे हे सगळं दाखवणारा आणि बदलू देणारा पडदा, उघडून नवखा माणूस एखादा पॉड पुसतो आणि काही क्षणांत तिथे दुसरा हजर होतो. त्याला वाटतं, बटण बिघडलंय. खरं तर तीनचा आकडाच बदलायला हवा होता.

मागाच्या ताण्यातल्या प्रत्येक धाग्यावर ड्रॉपर नावाची धातूची पातळ पट्टी अडकवतात. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. कुबरनेटीसकडेही असे प्रश्न असतात. तू जिवंत आहेस का? नसशील तर पुन्हा सुरू करते. गिऱ्हाईक घ्यायला तयार आहेस का? नसशील तर तुझ्याकडे कुणाला पाठवत नाही. पण ड्रॉपरला नक्षी कळत नाही. जॅकार्डचं, म्हणजे मागावरच्या नक्षी काढणाऱ्या यंत्राचं, एखादं भोकांचं पंचकार्ड चुकीच्या जागी ओवलं गेलं, तर माग बिनतक्रार चालत राहतो आणि चादरीवरची वेल मधेच तुटते.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत माझं नेमकं हेच झालं. फोटो दिसत नाहीत म्हणून फोनवर फोन येत होते आणि कन्सोलवर सगळे ठिपके हिरवे, सगळे ‘रनिंग’. बऱ्याच वेळाने नजर कोपऱ्यातल्या ‘रीस्टार्ट्स’ या रकान्यावर गेली. तिथे २१४ लिहिलं होतं. कन्सोलवरचा हा सर्वांत कामाचा रकाना, आणि सर्वांत दुर्लक्षित. डबा मरत होता, पुन्हा उभा राहत होता, आणि मी बघायचो तेव्हा जिवंत असायचा. मरताना तो १३७ हा आकडा मागे ठेवत होता. १२८ मध्ये ९ मिळवले की १३७, आणि लिनक्समध्ये, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीत, ९ म्हणजे ‘ताबडतोब मार’ हा हुकूम. ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर डब्याने प्रोसेसर मागितला तर त्याची चाल फक्त मंदावते. मेमरी जास्त खाल्ली तर मात्र थेट गळा. चूक माझीच होती. कॅमेऱ्यातले भलेमोठे फोटो मी तसेच चढवले होते, आणि ते लहान करताना प्रोग्रॅमला मेमरी पुरत नव्हती.

सरासरी हा कन्सोलवरचा सर्वांत गोड खोटारडा. शंभर गिऱ्हाइकांपैकी ९८ जणांना पान ०.२ सेकंदात मिळालं आणि दोघांना १० सेकंद लागले, तर सरासरी येते सुमारे ०.४ सेकंद. आलेख छान दिसतो आणि ते दोघं दुसऱ्या दुकानात गेलेले असतात.

कन्सोल जितका सोयीचा, तितकाच धोक्याचाही. २०१८ मध्ये टेस्ला कंपनीचा कुबरनेटीस कन्सोल पासवर्डाविना इंटरनेटवर उघडा सापडला. त्यातून शिरलेले लोक कंपनीच्या सर्व्हरांवर आभासी चलन खणत होते. कारखान्याला कुलूप न लावता गावाला जावं आणि मागे कुणीतरी आपल्याच विजेवर स्वतःचं कापड विणून न्यावं, तसाच प्रकार.

एकदा ओळखीच्या जॉबरमामांना हा पडदा दाखवला. हिरव्या ठिपक्यांकडे बघत ते म्हणाले, ‘‘छान हाय की. पण ह्याला आवाज कुठाय?’’

त्यानंतर मी एक खोटं गिऱ्हाईक तयार केलं. छोटासा प्रोग्रॅमच तो, मुंबईतल्या त्या सर्व्हरांच्या बाहेर चालणारा. दर मिनिटाला तो वेबसाइटवर येतो, चादरीचा फोटो उघडतो, चादर खरेदीच्या टोपलीत टाकतो आणि निघून जातो. पाच सेकंदांत त्याला हे जमलं नाही, तर ठिपके कितीही हिरवे असोत, माझा फोन वाजतो. मागच्या आठवड्यात तो रात्री दोन वाजता वाजला, आणि माझ्याआधी बायको उठली.