राजकारण-प्रशासन फारकत : ठाणे व नवी मुंबई

धोरण निवडून आलेल्यांनी ठरवावे आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांनी ते राबवावे, हे लोकप्रशासनातील जुने तत्त्व. ब्रिटनमध्ये १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने वशिल्याऐवजी परीक्षेने भरती सुचवली. अमेरिकेत वुड्रो विल्सन यांनी १८८७ मधील निबंधात या फारकतीची मांडणी केली. तिथला राग सरकारी नोकऱ्यांच्या खिरापतीवर होता. ठाणे-नवी मुंबईत भांडण बहुधा सहीवरून होते.

ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ पासूनची. दोन्हींना लागू असलेल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त ही वेगवेगळी प्राधिकरणे आहेत. अंमलबजावणीचा अधिकार कलम ६७ नुसार आयुक्तांकडे. त्यामुळे महापौरांना दालन, गाडी आणि मान मिळतो, पण कारभाराची फाइल आयुक्तांच्या टेबलावरून हलते. नगरसेवक गटारासाठी पत्र देतो, त्यावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा पडतो आणि पत्र विभाग कार्यालयाकडे उतरते. शेरा कामाचा की वेळकाढूपणाचा, हे फाइल परत आल्यावरच कळते. उलट बाजूने, आयुक्तांनी आणलेला प्रस्ताव महासभा तहकूब करू शकते. ठराव कायद्याबाहेरचा वाटला तर तो कलम ४५१ खाली विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, शासनाकडे जातो.

इथेच खरी मेख आहे. आयुक्त नगरसेवकांपासून वेगळे असले तरी मंत्रालयापासून वेगळे नसतात. त्यांची नेमणूक आणि बदली राज्य शासन करते. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी नवी मुंबईच्या महासभेने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर केला. अशा ठरावाला एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश, म्हणजे १११ च्या सभागृहात ७० मते लागतात, पडली १०४. राष्ट्रवादी, काँग्रेस आणि राज्याच्या सत्तेत वाटेकरी असलेली शिवसेना एका बाजूला, भाजपचे सहा जण दुसऱ्या. शासनाने ठराव मानला नाही. मुंढे यांची बदली मार्च २०१७ मध्ये झाली. मुंढे बरोबर होते की नगरसेवक, यावर शहरात पुष्कळ बोलले गेले. निर्णय मात्र दोघांच्याही हातात नव्हता.

नवी मुंबईत २०२० मध्ये आणि ठाण्यात २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत आयुक्तच प्रशासक राहिले. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. कागदावर फारकत इतकी पूर्ण झाली की दुसरी बाजूच उरली नाही. राजकारण अर्थातच थांबले नाही. ‘माजी नगरसेवक’ छापलेल्या लेटरहेडवर पत्रे येत राहिली. शिवाय महापालिका ज्याच्या अखत्यारीत येतात ते नगरविकास खाते २०१९ नंतर बहुतेक काळ सांभाळणारे एकनाथ शिंदे १९९७ मध्ये ठाणे महापालिकेतच नगरसेवक म्हणून निवडून आले होते.

नवी मुंबईत आणखी एक गुंता आहे तो सिडकोचा, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाला मतदार नाहीत. व्यवस्थापकीय संचालक सनदी अधिकारी असतो, अध्यक्षपदी मात्र सत्ताधारी पक्षातला नेता बसवण्याचा प्रघात आहे. वाशी किंवा नेरुळमधल्या रहिवाशाला घराच्या हस्तांतरणासाठी सिडकोकडे जावे लागते आणि कचऱ्याच्या तक्रारीसाठी महापालिकेकडे. नगरसेवकाचे वजन यांपैकी फक्त महापालिकेच्या खिडकीवर चालते.