नाताळ, वाढदिवस आणि पुण्यतिथी: एका शब्दाचा घोळ

'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांच्याकडे लॅटिनमधून. मूळ 'नातालिस', म्हणजे जन्माचा दिवस. 'ख्रिस्ती माणसाने वाढदिवस साजरा करावा का?' असं विचारणारा मराठी माणूस दर डिसेंबरात एका वाढदिवसाचं नाव तोंडाने घेतच असतो.

पण गंमत वेगळीच आहे. पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती मंडळींनी जन्मदिवस हा शब्द आवडीने वापरला, मात्र बहुतेक वेळा तो मरणाच्या दिवसासाठी. मराठी वाचकाला हे चटकन समजेल, कारण आपल्याकडे जयंती आणि पुण्यतिथी असे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत. त्या मंडळींनी पाळली पुण्यतिथी आणि तिला नाव दिलं जयंतीचं.

याचं जुनं उदाहरण स्मुर्णा (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) शहरातल्या पॉलिकार्पचं. हा वृद्ध बिशप दुसऱ्या शतकाच्या मध्याला मारला गेला. 'ख्रिस्ताला शिव्या दे, सोडून देतो,' असं म्हटल्यावर त्याने उत्तर दिलं की, 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही. त्याच्या मरणाची हकिगत स्मुर्णाच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने, दुसऱ्या एका मंडळीला पत्राने कळवली. त्यात ते लिहितात की, जिथे त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत तिथे जमून आम्ही त्याच्या रक्तसाक्षीचा, म्हणजे श्रद्धेसाठी पत्करलेल्या मरणाचा, जन्मदिवस आनंदाने पाळू. पॉलिकार्प आईच्या पोटी कोणत्या तारखेला आला, याची त्या पत्रात कुणाला फिकीर नाही. स्वर्गात जन्मला तो दिवस मोजायचा, एवढंच.

आता ओरिगेनचं प्रसिद्ध मत. वाढदिवसाच्या विरोधात बोलणारे सहसा याच्यावर भिस्त ठेवतात. तिसऱ्या शतकातला हा ख्रिस्ती विद्वान बायबलमधल्या लेवीय पुस्तकावरच्या प्रवचनात म्हणतो की, आपल्या जन्मदिवशी मेजवानी देणारा एकही संत शास्त्रात सापडत नाही. असा आनंद पापी लोकच करतात. पुरावा म्हणून तो बायबलातले दोन राजे, मिसरचा फारो आणि हेरोद, यांची नावं घेतो. उलट बाजूला बायबलातलेच ईयोब आणि यिर्मया या देवभक्तांनी आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, हेही दाखवतो.

ओरिगेन चुकीचं वाचत होता असं मला वाटत नाही. मात्र त्याच्या आजूबाजूला 'जन्मदिवस' म्हणून जे चाले ते आजच्या वाढदिवसापेक्षा पुष्कळ निराळं होतं. रोमन समजुतीत प्रत्येक पुरुषासोबत जन्मतः एक रक्षक दैवत असे, त्याला 'जीनियस' म्हणत; स्त्रीच्या दैवताला 'यूनो'. जन्मदिवशी या दैवतापुढे धूप जाळायचा, द्राक्षारस आणि पोळीसारखा नैवेद्य अर्पायचा. तो मुळात पूजेचा दिवस होता. सम्राटाचा जन्मदिवस तर सार्वजनिक उत्सव, आणि तिथे भक्ती आणि राजनिष्ठा यांची गाठ सुटत नसे. यहुद्यांना हा अनुभव आधीच आला होता. सीरियाचा ग्रीक राजा अंतियोख चौथा राज्य करत असताना राजाचा जन्मदिवस महिन्यामहिन्याला पाळला जाई आणि बळीचं मांस खाण्यासाठी यहुद्यांना जबरदस्तीने नेलं जाई, असं मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिलं आहे. (हे पुस्तक प्रोटेस्टंट बायबलात नाही, पण इतिहास म्हणून ते वाचायला कुणाची हरकत नसावी.) अशा जगात ख्रिस्ती माणूस वाढदिवसापासून लांब राहिला तर नवल काय?

मग खुद्द बायबल काय सांगतं? वाढदिवसाच्या मेजवानीचे ठळक प्रसंग दोनच, आणि दोन्हीत मृत्यू आहे. उत्पत्तीच्या 40व्या अध्यायात फारो आपल्या जन्मदिवशी प्यालेबरदाराला पुन्हा कामावर घेतो आणि आचाऱ्याला फासावर चढवतो. मार्कच्या सहाव्या अध्यायात हेरोद अंतिपाच्या जन्मदिवशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात येतं. यावरून 'वाढदिवस निषिद्ध' असा निष्कर्ष काढणं म्हणजे घटनेच्या वर्णनाला आज्ञा समजणं. हेरोदाचं पाप कशात होतं, ते मजकूर लपवत नाही: भावाच्या बायकोशी लग्न, पाहुण्यांसमोर वाहिलेली मूर्ख शपथ, आणि ती मोडायची लाज. त्यातलं एकही पाप दिनदर्शिकेतल्या तारखेचं नाही.

याच प्रसंगात एक भाषिक योगायोग आहे. मार्कने ग्रीकमध्ये 'गेनेसिया' हा शब्द वापरला आहे. जुन्या ग्रीकमध्ये तो मृतांच्या स्मरणाच्या दिवसासाठी होता, जन्मदिवसाला दुसरा शब्द होता. नव्या कराराच्या काळापर्यंत फरक पुसला जाऊन 'गेनेसिया' म्हणजे सरळ वाढदिवस झाला. जयंती आणि पुण्यतिथीची सरमिसळ ख्रिस्ती मंडळींच्या आधीपासूनची, असं म्हणायला जागा आहे.

ईयोब आणि यिर्मया यांचा शाप मात्र वाढदिवसाच्या वादात ओढू नये. एकाची मुलंबाळं गेली, अंगभर फोड आले. दुसऱ्याला संदेष्टेपण असह्य झालं. दुःखाच्या तळाशी माणूस 'मी जन्मलोच नसतो तर!' म्हणतो. त्याचा नियम करायचा नसतो.

आणि ओरिगेनच्या यादीत न बसणारी एक ओळ लूकच्या पहिल्याच अध्यायात आहे. देवदूत जखऱ्याला सांगतो की, तुला मुलगा होईल आणि त्याच्या जन्माने पुष्कळांना आनंद होईल. हा मुलगा म्हणजे तोच योहान, जो पुढे दुसऱ्याच्या वाढदिवशी मारला गेला. चर्चने त्याचे दोन्ही दिवस ठेवले: 24 जूनला जन्म, 29 ऑगस्टला शिरच्छेद. रोमन परंपरेच्या दिनदर्शिकेत देहाचे असे जन्मदिवस तीनच, येशूचा, मरियेचा (8 सप्टेंबर) आणि योहानाचा. बाकी संतांचे सण बहुधा त्यांच्या मरणाच्या तारखेशी बांधलेले. 354 साली रोममध्ये एका ख्रिस्ती गृहस्थासाठी तयार झालेल्या पंचांगवजा ग्रंथात तर सम्राटांचे जन्मदिवस, रक्तसाक्षींच्या दफनाच्या तारखा आणि 25 डिसेंबरला ख्रिस्ताचा जन्म हे सगळं एकाच बाडात आढळतं.

आजही हा पेच मिटलेला नाही. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक वाढदिवस पाळत नाहीत, पण ख्रिस्ताच्या मरणाचा स्मरणविधी दरवर्षी आवर्जून करतात. ग्रीससारख्या देशांत नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, पिढ्यान्‌पिढ्या वाढदिवसाइतकाच, कधी त्याहून मोठा मानला गेला. आणि जगातले बहुसंख्य ख्रिस्ती निर्धास्त वाढदिवस करतात. बायबलात प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं आहे की, कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो. ज्याची त्याची मनात पुरती खात्री असावी. तिथे प्रश्न वाढदिवसाचा नव्हता, पण माझ्या मते उत्तर इथेही लागू पडतं. आयुष्याचं आणखी एक वर्ष देवाने दिलं म्हणून चार माणसं जमवली, तर त्यात जीनियसची पूजा कुठून आली? आणि ज्याला हे पटत नाही, त्याच्या गळ्यात केकचा तुकडा कोंबू नये.

केकवरच्या मेणबत्त्या ग्रीक देवी आर्तेमिसपासून आल्या, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तिला दिवे लावलेल्या पोळ्या वाहत, हे खरं; पण तिथपासून आजच्या केकपर्यंत सलग धागा कुणी दाखवलेला नाही. वयाइतक्या मेणबत्त्यांची एक जुनी लेखी नोंद 18व्या शतकातल्या जर्मनीतली आहे. भट्टीत मावेल तेवढा मोठा केक, वयाच्या वर्षांइतकी भोकं, प्रत्येकात मेणबत्ती आणि मधोमध आणखी एक. वाढदिवस होता काउंट झिंझेनडॉर्फ यांचा, मोरावियन मंडळी या प्रोटेस्टंट पंथाच्या पुढाऱ्याचा. आणि ही नोंद लिहिणारा त्या मंडळीच्या थाटामाटावर चिडलेला एक ख्रिस्तीच होता.