ओला दुष्काळ: नियमपुस्तिकेत नसलेल्या शब्दाची पार्श्वभूमी

सप्टेंबर 2025मध्ये सीना आणि मांजरा या नद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या, तेव्हा धाराशिव, बीड, सोलापूरच्या गावांतून एकच मागणी आली: ओला दुष्काळ, म्हणजे अतिपावसाने पीक गेल्याचा दुष्काळ, जाहीर करा. त्यावर सरकारचं उत्तर होतं की असा शब्द नियमपुस्तिकेत नाही, मात्र दुष्काळातल्या सवलती देऊ. सवलती मिळणार असतील तर शब्दासाठी का अडायचं, असं शहरात अनेकांना वाटलं. पण कर्जाचं पुनर्गठन, वीजबिलातली सूट, मुलांची परीक्षा फी हे सगळं आपोआप लागू होतं ते घोषणेमुळे. घोषणा नसेल तर दर वेळी मागावं लागतं.

जुनी आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, याबाबतीत सरळ होती. नेहमीचं चांगलं पीक एक रुपया धरायचं आणि यंदाचं 50 पैशांच्या आत आलं की गाव टंचाईत. पीक वाळून गेलं की कुजून, हे ती विचारत नव्हती. तिच्यात दोष होतेच. नुसत्या नजरेने बांधलेला आकडा गावागावांत वादाचा असे आणि अंतिम पैसेवारी यायला डिसेंबर उजाडे. तिच्यावर न्यायालयात बरीच भांडणं झाली. 2016मध्ये देशपातळीवर नवी दुष्काळ संहिता, म्हणजे तीच नियमपुस्तिका, आली आणि पुढच्या वर्षी राज्याने ती स्वीकारली. आता पावसाची तूट, पावसातला खंड, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, जमिनीतला ओलावा आणि भूजल पाहून दुष्काळ ठरतो. मोजमाप शास्त्रीय झालं, पण दुष्काळ म्हणजे कमी पाऊस एवढाच अर्थ पक्का झाला. पैसेवारी आजही निघते, मात्र दुष्काळ ठरवण्याचा मान तिच्याकडे राहिला नाही.

कोरड्या बाजूलाही शब्दांची ओढाताण सुटली नाही. 2018मध्ये 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ऑगस्ट 2023 कोरडा गेल्यावर मात्र 40 तालुक्यांत दुष्काळ आणि एक हजाराहून अधिक महसुली मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती ठरली. या ‘सदृश’मधून काय मिळणार, हे तलाठ्याला विचारत फिरणारी माणसं त्या हिवाळ्यात गावोगाव होती.

ओल्या बाजूला होती फक्त ‘अतिवृष्टी’, म्हणजे मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर. रोज थोडाथोडा पडून सोयाबीनच्या शेंगांना कोंब आणणारा पाऊस यात बसेना. म्हणून 2023मध्ये ‘सततचा पाऊस’ ही नवी आपत्ती मान्य झाली. तिचा मुख्य निकष सलग 5 दिवस रोज किमान 10 मिलिमीटर. चौथ्या दिवशी 8 पडला तर? असे प्रश्न पंचनाम्याच्या वेळी बांधावर उभे राहतात. त्यात खरीप 2025पासून राज्यात पीकविम्याची भरपाई फक्त कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पन्नावर, आली. पुरात उभं पीक गेलेल्यांना त्याचा फटका नेमका त्याच हंगामात बसला.

1972च्या दुष्काळाची आठवण मराठवाड्यात अजून निघते, पण तेव्हा हाताला काम आणि पोटाला धान्य नव्हतं. आताचा प्रश्न पाण्याचा आहे, कधी कमी तर कधी जास्त. एप्रिल 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी पावसाळ्याअखेर मांजरा धरण भरलं. आता तर एकाच खरिपात ऑगस्टमध्ये उघडीप आणि सप्टेंबरमध्ये पूर असं होतं. संहिता मात्र अजून कमी पावसाचंच संकट धरते.

गावांनी मात्र दोन्हींची तयारी एकत्र सुरू केली आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं करून शेततळ्यांवर द्राक्षबागा टिकवल्या. नगरकडच्या हिवरे बाजारात गावातच पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर रब्बीची पिकं ठरतात. सोयाबीनमध्ये रुंद वरंबा सरी, म्हणजे बीबीएफ, ही पेरणीची पद्धत वाढते आहे. खंड पडला तर वरंब्यात ओल राहते, धो धो पडला तर जादा पाणी सरीतून निघून जातं. मात्र बीबीएफ यंत्र भाड्याने मिळायला पेरणीच्या आठवड्यात रांग लागते आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, तोवर थांबत नाही.