दाखवायचे पैसे, लागायचे पैसे

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलाच्या घरी ‘किती लागले?’ असं विचारलं की बहुतेक वेळा एकच आकडा ऐकू येतो: बारा लाख. सांगलीत विश्रामबागेत विचारा नाहीतर तासगावात. आकडा खरा आहे, पण तो खर्चाचा नाही, ब्लॉक्ड अकाउंटचा आहे. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर झाले बारा लाख. पोचल्यावर पहिल्या महिन्यात जे लागतं ते यात धरलेलंच नसतं, आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथंच.

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं खातं, मुलाकडं राहण्याखाण्यापुरते पैसे आहेत अशी व्हिसा देणाऱ्याची खात्री पटवायला. पैसे तुमचेच, पण महिन्याला मिळणार ९९२ युरो, तेही तिथं पोचून, तिथल्या बँकेत साधं खातं उघडून, कागद पाठवल्यानंतर. काही बँका खात्यासाठी पत्त्याची नोंदणी मागतात. नोंदणीला घरमालकाचा दाखला लागतो, म्हणजे आधी घर हवं. आणि घरासाठी हवे पैसे! ऊस कारखान्याला गेला म्हणून बिल त्याच दिवशी खात्यात पडत नाही, हे आपल्याकडं कुणाला शिकवायला नको. इथंही पहिला हप्ता हातात यायला काही आठवडे सहज जाऊ शकतात.

नेमके तेच आठवडे सगळ्यात महाग. घराचं डिपॉझिट कायद्यानं तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेता येतं, हीटिंग वगैरे सोडून जे मूळ भाडं असतं त्याच्या तिप्पट. भाडं ३५० युरो असेल तर १,०५० युरोपर्यंत. ते तीन हप्त्यांत द्यायची मुभा कायद्यातच आहे, पण शंभर अर्जांतून तुम्हाला निवडणाऱ्या घरमालकाला पहिल्याच भेटीत कायदा ऐकवावा असं मला वाटत नाही. त्यावर पहिल्या महिन्याचं भाडं. विद्यापीठाची सेमिस्टर फी साधारण १०० ते ३५० युरो, आणि ती प्रवेश पक्का करतानाच भरायची. आरोग्य विमा महिन्याला १४०-१५० युरोंच्या घरात. पुढं रेसिडन्स परमिटचे सुमारे १०० युरो. गादी-भांड्यांचं वेगळंच, तिथं रिकामी खोली म्हणजे कधीकधी छताला दिवासुद्धा नसतो. हे सगळं धरून ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर दोन ते अडीच हजार युरो हाताशी असावेत, असं माझं मत. वसतिगृहात खोली मिळाली तर कमीत भागेल, पण ती मिळेलच असं धरून चालू नये.

डिपॉझिट घर सोडताना परत येतं, म्हणून वडिलांच्या वहीत ते खर्चात लिहिलं जात नाही. बरोबरच आहे. पण त्या महिन्यात खिसा रिकामा होतो तो होतोच. टीसीएसचंही, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराचंही तसंच: वर्षात दहा लाखांवर रक्कम स्वतःच्या पैशातून बाहेर पाठवली तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. ज्यांच्या पॅनवर पैसे गेले त्यांना तो रिटर्न भरताना वळता करता येतो, पण तोवर ते पैसे अडकलेले. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही.

इंग्लंडला जाणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी. तिथं पैसे अडकत नाहीत. विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस दिसले की पुरे. म्हणून मामाकडून उसने घ्यायचे आणि महिन्यानं मामाला परत, असा हिशेब काही घरांत होतो. मग विमानात बसताना गाठीला काय? शिवाय हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार, हा नुसता दाखवायचा पैसा नव्हे, व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचा. वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा चार महिने जास्त मिळतो आणि त्या वरच्या महिन्यांना अर्ध्या वर्षाचा आकार लागतो, म्हणून बहुतेकांना दीड वर्षाचे, म्हणजे १,१६४ पौंड भरावे लागतात. कॅनडाची जीआयसी, म्हणजे तिथल्या बँकेत आधी भरायची ठेव, या दोन्हींच्या मधली: पोचल्यावर काही रक्कम एकदम, बाकीची हप्त्यानं.

‘कर्ज मंजूर झालंय की,’ असं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कर्जातली फी सहसा थेट विद्यापीठाला जाते, आणि राहण्याखाण्याची रक्कम कधी, कुठल्या कागदावर मिळेल ते शाखेत आधीच लेखी विचारून घ्यावं. दुसरं असं की मोठ्या कर्जाला तारण लागतं तेव्हा शेताचा सातबारा बहुतेक बँका घेत नाहीत. कर्ज थकलं तर बँकेला तारण विकून वसुली करू देणारा जो सरफेसी कायदा, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. चार एकर द्राक्षबाग असणाऱ्यालाही मग एनए प्लॉट किंवा राहतं घर पुढं करावं लागतं, आणि त्या कागदांत दोन महिने गेले की वरखर्चाचे पैसे ऐनवेळी गोळा करावे लागतात.

वरखर्चाचे हे दोन-अडीच हजार युरो न्यायचे कसे? बहुतांश फॉरेक्स कार्डावर (परदेशी चलन भरून न्यायचं कार्ड), थोड्या नोटा, आणि जमलं तर दुसरं एखादं कार्ड वेगळ्या बॅगेत. तिकीट काढताना वारही बघावा. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची थोडी सोडली तर. शनिवारी रात्री पोचणाऱ्याला किराणा तिथंच चढ्या भावात घ्यावा लागतो. मंगळवार-बुधवारी उतरणाऱ्याला बँक, नोंदणी कार्यालय आणि स्वस्त सुपरमार्केट, तिन्ही बहुधा उघडी सापडतात.