पाठ्यपुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनामागे काय आहे? प्राथमिक वर्गातल्या मोफत ऑनलाइन साधनांची पार्श्वभूमी

बालभारतीचं आजचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडलं की पहिल्या पानावर आणि पुढे धड्याधड्याला एक काळा-पांढरा चौकोन दिसतो. मोबाइल त्यावर धरला की त्या धड्याची चित्रफीत, कवितेची चाल किंवा सरावाचे प्रश्न समोर येतात. मुलांना त्याची आता इतकी सवय झाली आहे की तो पुस्तकात नव्हता असा काळ त्यांना सांगावा लागतो. प्राथमिक शाळेत फुकट मिळणारी ऑनलाइन साधनं कशी आली आणि त्यांतली कोणती टिकली, हे समजून घ्यायला या चौकोनापासून सुरुवात केलेली बरी.

हा चौकोन म्हणजे क्यूआर कोड. तो शाळेसाठी जन्मलाच नव्हता. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवण्यासाठी तयार केला. कंपनीने त्याचं पेटंट घेतलं, पण ठरलेल्या मानकानुसार कोड वापरणाऱ्यांवर हक्क चालवणार नाही, असं जाहीर केलं. या एका निर्णयामुळे कुणालाही घरबसल्या, एक पैसा न देता कोड बनवता येऊ लागला.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला साठवणीची खोली. पुस्तकं मुलांच्या घरच्या भाषेत नव्हती. त्यांनी ती मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांत क्यूआर कोड घालून कविता, गोष्टी, पाठ आणि स्वाध्याय जोडले. राज्यात प्रायोगिक वापर झाला आणि २०१७ मध्ये पहिली ते बारावीच्या पुस्तकांत कोड घालण्याचा निर्णय झाला. पुढच्याच वर्षी केंद्राने एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तेच जाहीर केलं. डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत रकमेचा आकडा गाजला. मला मात्र ही सगळी वाट एका फुकट साधनापासून निघाली, ही गोष्ट जास्त मोलाची वाटते. सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या, तुटपुंज्या पैशात खडू-डस्टर भागवणाऱ्या शाळेला परवाना शुल्क भरावं लागलं असतं, तर हा प्रयोग सुरूच झाला नसता.

पण कोडच्या पलीकडे उघडणारं मराठी साहित्य कुठून आलं? त्यासाठी आणखी मागे जावं लागतं. संगणक शाळेत पोचले तेव्हा मराठी लिहिण्याची मोठी अडचण होती. एका फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची अक्षरशः रांगोळी व्हायची. प्रश्नपत्रिका पाठवायची तर सोबत फाँटही पाठवावा लागे. प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ पद्धतीच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण ती सामान्य संगणकात नीट दिसू लागायला २००० नंतरचा काळ उजाडला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. फोनमध्येच मराठी कळफलक आला, तेव्हा कुठे खेड्यातल्या गुरुजींना आणि बाईंना कुणाच्या मदतीशिवाय मराठीत लिहून ते जगासमोर ठेवता आलं. मोफत साधनांच्या गोष्टीत युनिकोडचं नाव सहसा कुणी घेत नाही. तरी तो पाया नसता तर बाकीचा इमला उभाच राहिला नसता.

आपल्या मातीत झालेला एक जुना प्रयोगही नोंदवायला हवा. मुलामागे एक लॅपटॉप या जागतिक योजनेला केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला होता. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यातलं सगळं सॉफ्टवेअर मुक्त होतं. चित्र काढा, पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देऊन आकृती काढा, फोटो काढा आणि शेजारच्या मुलाला दाखवा, असं त्याचं स्वरूप. योजना देशभर पसरली नाही. पण त्यातली ‘शुगर’ ही प्रणाली २००८ पासून स्वयंसेवकांनी वेगळी जोपासली आणि ती आजही कुणालाही घेता येते.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ एकच नव्हेत. मोफत म्हणजे आज पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे ते साधन घ्यायला, बदलायला, आपल्या भाषेत आणायला आणि पुढे वाटायला परवानगी आहे, आणि ती कुणी मागे घेऊ शकत नाही. २००२ साली युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक साहित्य’ ही संज्ञा रूढ झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले आणि लेखकाला आपलं काम कायदेशीरपणे सगळ्यांसाठी खुलं करता येऊ लागलं.

याचं प्राथमिक वर्गाला सर्वात जवळचं फळ म्हणजे स्टोरीवीव्हर. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, जागतिक साक्षरता दिनी, ते सुरू केलं. वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेल्या सचित्र गोष्टी तिथे वाचता येतात आणि उतरवूनही घेता येतात. महत्त्वाचं म्हणजे आपण त्यांचा अनुवाद करून तिथेच प्रसिद्ध करू शकतो. मराठी तर आहेच, पण कोरकू आणि गोंडीतही गोष्टी आल्या. मेळघाटात पहिलीत आलेलं मूल घरात कोरकू बोलतं आणि शाळेत पुस्तकातली मराठी ऐकतं. त्याच्या हातात त्याच्या भाषेतली गोष्ट पडणं म्हणजे काय, हे तिथे शिकवणाऱ्यांनाच विचारावं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी २००३ पासून दशकभर काम केलं. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ, जुन्या चपला यांतून बनणाऱ्या शेकडो खेळण्यांच्या कृती आणि हजारो पुस्तकं त्यांनी आपल्या संकेतस्थळावर खुली ठेवली. मला हे प्राथमिक शाळेसाठीचं सर्वात शहाणं ऑनलाइन साधन वाटतं. ते रात्री घरी शिक्षकाने पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांच्या हातांनी घडवायचं. वर्गात रेंज असो वा नसो, पडदा असो वा नसो.

मोफत साधनांचा सर्वात मोठा मराठी बहर मात्र कुठल्या संस्थेने आणला नाही, तो शिक्षकांनी आणला. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगाव पोचला. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, कुठे माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही दिला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या शाळेने तर त्याआधीच सौर ऊर्जेवर टॅबलेट चालवून दाखवले होते. यंत्र आलं, पण त्यावर दाखवायचं काय? मग शिक्षकांनी फुकटच्या ब्लॉगवर कविता, वाचनपाठ आणि गणिताच्या सरावपत्रिका चढवल्या. गुगल फॉर्मवर चाचण्या केल्या, मोबाइलवर चित्रफिती जोडल्या आणि दुवे व्हॉट्सॲपच्या गटांत टाकले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि या कामाला भरतं आलं. शाळा सुटल्यावर, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं उरकून, रात्री जागून हे झालं. साधन फुकट होतं, पण त्यातली मेहनत फुकट नव्हती, आणि तिची नोंद कुठल्याही प्रपत्रात झाली नाही.

५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षक दिनी, केंद्राने ‘दीक्षा’ हे शालेय साहित्याचं ऑनलाइन व्यासपीठ सुरू केलं. पुस्तकांतले कोड आज तिथेच उघडतात. कोडखाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेतांकही असतो, तो टाइप केला तरी चालतं. मोबाइलचा कॅमेरा फुटला असेल तर ही छोटी सोय मोठी ठरते. दीक्षा ज्या ‘सनबर्ड’ या सॉफ्टवेअरच्या पायावर उभं आहे, तोही मुक्त आहे. एकस्टेप फाउंडेशनने तो घडवला.

मग मार्च २०२० उजाडला आणि शाळांना कुलपं लागली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून घरी जाऊ लागली. ज्यांच्या घरी एकच फोन, तोही बाबांसोबत रानात किंवा कामावर, त्यांच्यापर्यंत ती संध्याकाळी पोचायची किंवा पोचतच नसे. त्या वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका लागू लागली, ती याच उणिवेवरचा उपाय होती. तिला ना रिचार्ज लागत होतं, ना रेंज. कित्येक शिक्षक वाड्यावस्त्यांवर, झाडाखाली, देवळाच्या ओट्यावर मुलं गोळा करून शिकवत राहिले.

त्याच वर्षाच्या अखेरीला, ३१ डिसेंबर २०२० रोजी, ॲडोबी कंपनीने फ्लॅशचा, म्हणजे संगणकावर हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरचा, आधार थांबवला. मोठ्या जगाला ती किरकोळ तांत्रिक बातमी वाटली. शाळांसाठी ती तशी नव्हती. आपल्याकडचं कितीतरी ई-लर्निंग साहित्य फ्लॅशवर चालायचं. नंतर एडमोडो हे ऑनलाइन वर्गाचं व्यासपीठ २०२२ मध्ये बंद झालं आणि गुगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीला. दोन्ही वर्गांत वापरले जात आणि शिक्षकांना फुकट मिळत. त्यावर तयार केलेलं काम ज्याने वेळेत उतरवून घेतलं त्याचं राहिलं.

कोलोरॅडो विद्यापीठात २००२ पासून तयार होत असलेली ‘फेट’ची विज्ञान-गणिताची प्रात्यक्षिकंही आधी जावा आणि फ्लॅशवरच होती. त्यांच्या गटाने ती एकेक करून नव्या तंत्रात पुन्हा लिहिली. अपूर्णांकांचं प्रात्यक्षिक आज साध्या फोनवर चालतं, आणि परवाना खुला असल्याने मराठीत अनुवादही झाले आहेत. आपल्या शिक्षकांनी आणि छोट्या कंपन्यांनी फ्लॅशमध्ये केलेल्या उजळणीच्या खेळांच्या मूळ फाइली मात्र बऱ्याच ठिकाणी कुणाकडेच राहिल्या नव्हत्या. त्यांच्या सीडी शाळांच्या कपाटात अजून आहेत. घातल्या तर पहिला पडदा दिसतो आणि पुढे काहीच उघडत नाही.